घरातल्या चपला

शेवटची बस आता कोणत्याही क्षणी येणार होती आणि बाबा अजून डोंगरावरच होते.

ती थांब्याच्या बाकावर बसत होती, उठत होती, पायवाटेच्या तोंडाशी जाऊन परत येत होती. डोंगर दुपारपासून ढगात बुडाला होता. वाटेचे पहिले दोन-चार दगड तेवढे दिसत, पुढे सगळं पांढरं. तिच्या पायात घरातल्या चपला होत्या आणि त्यातल्या एकीचा पट्टा तुटला होता.

बाबांचा हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. आठवड्यातून एकदा सकाळची बस धरायची, डोंगर चढायचा, दिवेलागणीच्या आत घरी. मोबाइल न्यायचा नाही. डोंगरावर कोणाचा फोन येणार, डोंगराचा? असं म्हणून स्वतःच हसायचे. आई होती तोवर काळजीचं खातं तिच्याकडे होतं. ती गेल्यावर ते लेकीकडे आलं.

आणि काळजीला कारणही तसंच होतं. गेल्या महिन्यात बाबा गॅसवर दूध ठेवून गच्चीवर जाऊन बसले. घरभर धूर, पातेल्याचा कोळसा. तिने त्याच दिवशी परगावच्या दादाला फोन लावला. बाबांचं आता काही खरं नाही, डोंगर बंद, असं दोघांचं ठरलं. आज सकाळी तिने त्यांना ते सांगूनही टाकलं. आजचं शेवटचं, यापुढे एकट्याने जायचं नाही. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी बुटांच्या नाड्या बांधल्या आणि निघून गेले.

ते न बोलणंच तिला दिवसभर खात होतं. दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर डोंगरच गायब. हातातलं काम टाकून, होती तशी ती बसकडे पळाली.

इथे उतरल्या उतरल्या तिने टपरीवाल्याला विचारलं होतं, लाल टोपीवाले आजोबा खाली आले का? सकाळी चहा पिऊन वर गेले, तो म्हणाला, खाली येताना काही दिसले नाहीत. तो पुढेही काहीतरी सांगत होता, पण ऐकायला ती होती कुठे? ती केव्हाच वाटेला लागली होती. हाका मारून मारून घसा बसला. उत्तर नाही. चप्पल तुटली तशी ती घाबरली आणि बसत-घसरत परत आली. तोवर टपरी बंद झाली होती. मोबाइलला रेंज नव्हती. आसपास चिटपाखरू नव्हतं.

बसमध्ये चढावं, तर बाबा रात्रभर एकटे वर. न चढावं, तर मदत आणणार कोण? इकडे आड, तिकडे विहीर. पाय मुरगळून कुठेतरी बसले असतील. वाट विसरले असतील. की सकाळच्या बोलण्यामुळे मुद्दामच... तो विचार तिने पुरा होऊ दिला नाही. एकदा धड खाली येऊ देत, पुन्हा त्यांना शब्दाने दुखावणार नाही, असं ती मनाशी म्हणाली. लगेच रागही आला. माणसाने हट्टी असावं ते किती?

वळणावर दिवे दिसले. बस आली, वळली, थांब्याला लागली. तिने धावत जाऊन ड्रायव्हरची खिडकी ठोठावली.

"जरा थांबा आणि मोठ्याने हॉर्न वाजवा. माझे बाबा वर अडकलेत."

ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं, मग मान वळवून मागे पाहिलं. "आजोबा, हीच का तुमची?"

"हीच," आतून आवाज आला.

बसच्या दारातून लाल टोपी खाली उतरली. खांद्यावर तिचा स्वेटर, हातात तिचे बूट. ती नुसती बघत राहिली आणि मग भर थांब्यावर लहान पोरीसारखी रडली.

ड्रायव्हर समजावू लागला. इकडची उतरण निसरडी, त्यामुळे लोक इथून चढतात आणि पलीकडच्या थांब्यावर उतरतात. वर गेलेलं माणूस इथे खाली येतच नाही, ताई, सगळ्यांना माहीत आहे. तिला माहीत नव्हतं. जाता कुठून आणि येता कुठून, हे तिने बाबांना इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. ढग दिसताच बाबांनी पाय उचलला होता. ती इकडच्या बसमध्ये चढत होती, तेव्हा ते तिकडच्या बसने घरी निघाले होते. दाराला कुलूप पाहून त्यांनी शेजारच्या काकूंना विचारलं. डोंगराकडे गेली, काकू म्हणाल्या, घरातल्याच चपलांवर.

रिकाम्या बसमध्ये दोघं शेजारी बसली. बाबांनी वाकून बूट तिच्या पायांपुढे ठेवले. तिने ते घातले आणि नाड्या बांधल्या. गाडी सुरू झाली. मग ड्रायव्हरला ऐकू जाणार नाही अशा बेताने ते तिच्याकडे झुकले.

"गॅसवर दूध तसंच ठेवून आलीस. पातेलं पार काळं झालं होतं. बसला अवकाश होता, तेवढ्यात घासून ठेवलंय."

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेर पाहिलं.

"दादाला नाही सांगणार," ते म्हणाले.