अँबेसिडरमधली गार हवा

शहादेव मिस्त्रीनं तिसऱ्यांदा बॉनेट उघडलं आणि तेच सांगितलं.

"काका, हे इंजिन एकतीस वर्षांचं हाय. एसीचं ओझं त्याला झेपायचं न्हाई. चढाला गरम व्हईल."

"चढाला एसी बंद करू," त्रिंबक म्हणाला.

केजच्या त्या गॅरेजात तो आठवडाभर रोज सकाळी येऊन बसत होता. शहादेवनं भंगारातल्या एका व्हॅनचा कॉम्प्रेसर आणला. तो धरायला लेथवाल्याकडून लोखंडी पट्ट्या करून घेतल्या. रेडिएटरपुढं जादा पंखा लावला. डॅशबोर्डखाली जाळीचा डबा बसला, तो जरा वाकडा दिसत होता. त्रिंबकला तो सरळच वाटला.

गाडी मूळची साखर कारखान्याची. तिच्यावर चेअरमनसाहेबांचा ड्रायव्हर म्हणून त्रिंबकची उमर गेली. दुष्काळात ऊस संपला, कारखाना बंद पडला, गाड्या लिलावात निघाल्या. अँबेसिडरवर बोली लावणारा तो एकटाच होता.

इतक्या वर्षांत त्याची बायको मंजुळाबाई त्या गाडीत कधी बसली नव्हती. तसा नियम कुणी केला नव्हता. त्रिंबकनं तो पाळला होता. थोरल्या मुलीच्या वेळी तिला कळा सुरू झाल्या, तेव्हा गाडी धुऊन पुसून दारातच उभी होती. साहेबांना बीडला मीटिंग होती. मंजुळाबाई बैलगाडीतून दवाखान्यात गेली.

गेल्या मे महिन्यात तलावातला गाळ काढताना तिला ऊन लागलं. ती जागीच कोसळली. तीन दिवसांनी घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "यांना उन्हात नेऊ नका. दर महिन्याला तपासायला मात्र आणा." दवाखाना केजला आणि एसटी दुपारची. त्रिंबक घरी आला आणि त्यानं गाडीवरची ताडपत्री काढली.

तपासणीच्या दिवशी त्यानं गाडी नांदूरघाट गावातल्या आपल्या दारात लावली. चारी काचा वर करून एसी आधीच पंधरा मिनिटं चालवून ठेवला होता. मागचं दार उघडून तो उभा राहिला, साहेबांसाठी राहायचा तसाच. मंजुळाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि मागच्या सीटवर बसली.

गाडी निघाली. त्यानं आरशात पाहिलं. तिनं अंगाभोवती पदर घट्ट घेतला होता.

"गार वाटतंय का?"

"लई."

त्रिंबकला बरं वाटलं. किती वर्षांनी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

गावाबाहेर टँकर उभा होता. घागरी, ड्रम, कळशा आणि निम्मं गाव. त्यानं हॉर्न दिला. बायका बाजूला सरल्या. काचांवर ऊन चमकत होतं, आतलं काही दिसत नव्हतं. कुणी मान वर केली नाही. चेअरमनची गाडी त्यांनी पुष्कळ पाहिली होती.

मागून कुरकुर ऐकू आली. मंजुळाबाई दोन्ही हातांनी हँडल फिरवत होती. काच खाली गेली. भट्टीसारखी झळ आत आली.

"अगं, काच कावून खाली केली? समदी गार हवा जाती की."

"जाऊ द्या." तिनं कोपर काचेवरून बाहेर काढलं आणि डोईवरचा पदर सारखा केला. "मी बसलीय गाडीत. दिसू द्या की लोकांला. आन् जरा हळू चालवा."

त्रिंबकनं एसी बंद केला आणि गाडी पहिल्या गिअरवर घेतली.