भैरवीआधी

"हा समेवर येतच नाही गं," मांडीवर ताल धरत बाबा म्हणाले. घटस्फोट घेऊन माहेरी आल्यापासून मी रोज एकच उदास रॉक अल्बम ऐकायची. त्यात एवढं काय आहे, म्हणून आज त्यांनी तो स्पीकरवर लावायला सांगितला होता. इंग्रजी शब्द कळत नव्हते, तरी गिटार खालच्या सुरांत उतरली की त्यांची मान डोलायची. "याला दुखतंय कुठंतरी. पण सूर सोडत नाही."

नववं गाणं संपलं तसा मी स्पीकर बंद केला.

"झालं?"

"शेवटचं राहिलंय. ते मी कधीच ऐकत नाही. याहून उदास असलं तर झेपायचं नाही मला."

बाबांनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे रोज मैफलीतून भैरवीआधीच उठतेस? लाव ते."

गाणं खरंच सगळ्यांत उदास निघालं. बाबांचा हातही थांबला. शेवटचा सूर विरला आणि रेकॉर्डिंगमध्येच कुणाच्या तरी हातून काहीतरी खळकन फुटलं. इतका वेळ व्याकूळ होऊन गाणारा तो माणूस खो खो हसत सुटला.

"वा!" बाबा म्हणाले. दाद त्याला होती, पण बघत होते माझ्याकडे. मीही हसत होते.