चार बुध्या

बुध्या, बुध्या २, बुध्या ३, बुध्या ४. हर्षदानं ओळीनं नावं वाचली आणि ती वैतागली. एकाच माणसाचे चार-चार फोटो साठवून या गोकुळला काय मिळत होतं, देव जाणे.

गोकुळ तिच्या आधी या दुकानात बसायचा. मोखाड्याच्या बाजारातलं झेरॉक्सचं आणि फॉर्म भरून द्यायचं दुकान. आता त्याला नाशकाला नोकरी लागली होती. आदल्या दिवशी जव्हारहून कॉम्प्युटर दुरुस्तीवाला उमेश आला आणि कॉम्प्युटरवर विंडोज नव्यानं टाकून गेला. जाताना म्हणाला, "जुन्या युजरची फोल्डरं तशीच राहिलीत. बघून उडव, नाहीतर परत अडकेल." बघून, असं म्हणाला होता. ते तिला नंतर आठवलं.

फोटो सगळे सारखेच. मागं तोच पांढरा पडदा, अंगात तोच निळा शर्ट. शर्ट दुकानाचा, दारामागच्या खिळ्यावर अजूनही लटकत होता. कोणी फाटक्या बनियनवर आला, की फोटोपुरता त्याला घालायला द्यायचा. नखाएवढ्या चित्रांत तोंडं कोण बघत बसतो? हर्षदानं पहिला बुध्या ठेवला, उरलेले तीन निवडले आणि शिफ्ट दाबून कायमचे उडवले. मग सोम्या. मग मंगळ्या. काम हातासरशी होत गेलं. केर काढल्यावर घर बरं दिसतं, तसं तिला बरं वाटलं.

दुपारी रामी आली. पाड्यावरून जीपनं आली होती. पायरीवर चपला काढून ती आत येऊन उभी राहिली.

"बाय, माझे पोऱ्याचा फोटू काढलेला इथं. दाखल्याला. दोन पावसाळे झालं. तो मला दे."

"नाव काय त्याचं?"

"बुध्या."

"आहे की," हर्षदा म्हणाली. "किती कॉपी काढू? त्यालाच पाठवायचं ना मावशी, तुम्ही कशाला एवढ्या लांब आलात?"

"तो नाय आता." रामी भिंतीकडे बघत बोलत होती. "ठाण्याला बिल्डिंगीचे कामाला गेलेला. वरून पडला. शिमग्याआधी दिवस करायचं, पाटावर मांडायला फोटू पायजे. आधारावरला फोटू तो बारका असतानाचा, सात वर्षांचा. मोबाइल त्याच्यासंगं गेला. इथला तेवढा एक आहे."

हर्षदानं फोटो मोठा केला आणि स्क्रीन रामीकडे वळवली.

रामी वाकली. पदरानं डोळे पुसून पुन्हा वाकली.

"शर्ट तोच," ती म्हणाली. "हा माझा बुध्या नाय."

बुधवारी जन्मला की बुध्या, सोमवारी जन्मला की सोम्या, हे हर्षदाला कोणी शिकवायला नको होतं. तिच्या स्वतःच्या चौथीच्या वर्गात तीन बुध्या होते. गुरुजी हजेरी घेताना मोठा बुध्या, बारका बुध्या आणि ओहोळाकडचा बुध्या म्हणायचे. सकाळी ते तिच्या डोक्यातही आलं नाही.

तिनं उमेशला फोन लावला.

"शिफ्ट दाबून उडवलंस?" तो म्हणाला. "मग गेलं ते. एसएसडी आहे ती, तिच्यातून काही परत येत नाही. का गं, काय होतं त्यात?"

तिनं फोन ठेवला. गोकुळलाही लावून पाहिला. त्याच्याकडे काहीच नव्हतं. सगळं तिथंच तर ठेवलंय, असं तो म्हणाला.

"मावशी, माझ्याच हातून गेला," हर्षदा म्हणाली. "आज सकाळी. मला वाटलं, एकाच माणसाचे चार आहेत."

रामीनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. सकाळी, एवढंच तिनं पुटपुटल्यासारखं केलं. सकाळची पहिली जीप भरली होती म्हणून ती दुसरीनं आली होती. मग दाराकडे जाता जाता तिला खिळ्यावरचा शर्ट दिसला. तिनं त्याची बाही हातात घेतली, कॉलर नाकाशी नेली. किती जणांचा घाम त्यात मुरला होता. त्यातून एकट्याचा कसा सापडणार?

"न्या तो, मावशी," हर्षदा म्हणाली.

"नको. दुसऱ्याला लागंल."

रामीनं शर्ट होता तसा खिळ्यावर लावला, एक बटण उघडं होतं ते घातलं. चपला पायात सरकवल्या. तेवढ्यात तिची नजर पुन्हा स्क्रीनवर गेली. तिथला पोरगा डोळे ताणून समोर बघत होता. शर्ट त्याला खांद्यात ढगळ होत होता.

"हा कोणाचा?"

"माहीत नाही."

"जिता आहे?"

हर्षदाला तेही माहीत नव्हतं.

"मग याला पुसू नको, बाय," रामी म्हणाली. "याची आय येल एखांदे दिशी."