खुर्चीची जागा

बाबा गेले, त्यांची खिडकीजवळची खुर्चीही देऊन टाकली. तरी केर काढणारा रोबो त्या मोकळ्या जागेशी येऊन थबकायचाच.

“यंत्रात भूत नसतं गं, सॉफ्टवेअरमध्ये चूक असते,” गॅजेटवेडा मुलगा बायकोला म्हणाला. “घराचा जुना नकाशा त्याच्या डोक्यातून जात नाहीये.”

त्याने नकाशा पुसला. तरी तेच. शेवटी नवाकोरा रोबो आणला.

नवा रोबो दिवाणखाना सरसर झाडत आला आणि खिडकीपाशी, नेमका तिथेच, थांबला.

“आता ह्याच्या डोक्यात कुणी घातलं रे?” बायकोने विचारलं.

एरवी त्याचं प्रत्येक गोष्टीवर मत तयार असे. आज तो त्या मोकळ्या जागेसमोर जाऊन उभा राहिला. पूर्वी रोज सकाळी म्हणायचा, तसंच तो हळूच म्हणाला, “बाबा, पाय वर घ्या.”

रोबो सरळ पुढे निघून गेला.