स्क्रीनवरचा राखाडी

घरच्यांचा फोटो मोठा करून छापायचा होता. त्यात सगळे टवटवीत, फक्त माझाच चेहरा राखेसारखा दिसत होता. म्हटलं, मॉनिटरचेच रंग बिघडले असणार!

खोलीचे पडदे ओढले, मॉनिटरच्या काचेवर रंग मोजायचं मीटर लटकवलं. लाल, हिरवे, निळे चौकोन उमटून गेले. मीटरच्या मते आता सगळं बिनचूक होतं. चेहरा मात्र तसाच. वैतागून पुन्हा मोजलं. तरी तसाच.

शेवटी ताईला हाक मारली. "जरा बघ गं, रंग बरोबर आहेत?"

ती वाकली. "आईचा निळा स्वेटर अगदी तोच आलाय."

"आणि माझा चेहरा?"

तिने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हुबेहूब," ती सहज म्हणाली. "असाच तर दिसतोस हल्ली."

मी कीबोर्डवरच्या दोन्ही हातांचा रंग न बघताच ते टेबलाखाली घेतले.