पहारा

आमच्या ह्यांनी विरारच्या फ्लॅटमध्ये देव्हाऱ्याशेजारी जपाचं खोकं आणून लावलं. साबणाच्या डबीएवढं. त्यातून एक माणूस दिवसभर रामनाम म्हणतो आणि पुण्य म्हणे आम्हाला लागतं.

"अहो, नाम स्वतःच्या तोंडाने घ्यायचं असतं," मी म्हटलं.

"आता चिप घेते. बिल्डिंगमध्ये सगळ्यांकडे आहे," म्हणत हे मॅच बघायला बसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं माहेर आगाशीचं. आमच्याकडे सप्ताहात वीणा आठवडाभर खाली ठेवत नाहीत, पण ती घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाचा पहारा बदलतात. दुसरा वीणा गळ्यात घेतो, पहिला जाऊन पाणी पितो. देवाच्या दारातही माणसाला दमायची मुभा असते.

महिन्याभरात खोक्यातला आवाज बसला.

"चिपला कुठला घसा?" हे हसले.

आज दुपारी तो माणूस जप करता करता खोकला. मग घाईघाईने पुन्हा म्हणू लागला, कोणी ओरडेल या भीतीने म्हणावं तसा. मला सहन होईना.

"किती राबवाल त्याला? पहारा बदला," म्हणत मी प्लग ओढून काढला.

खोक्यातून सुटकेचा लांब श्वास ऐकू आला.

मागे टीव्हीसमोर ह्यांनी जप सुरू केला, त्याच चालीत, ताज्या आवाजात. हाका मारल्या तरी थांबेनात. संध्याकाळी मी पाण्याचा पेला पुढे धरला. ह्यांनी तो डोळ्यांनी मागितला, पण ओठ थांबले नाहीत.