सड्यावरचं रडणं

“त्या कॅमेऱ्यासमोर बाळाला रडू देऊ नकोस गं,” असं आत्या म्हणाली, तेव्हा केतकीने हसण्यावारी नेलं. कॅमेरा दिराने आणला होता; त्याने बिबट्यावर नजर राहील, असं त्याने सांगितलं होतं. उघड्या सड्यावर, गावामागच्या त्या कातळाच्या पठारावर, तो बांधायला झाड नाही, म्हणून रडणाऱ्या ओजसला कडेवर घेऊन तिनेच कातळात त्याचा बोल्ट पक्का करायला हात लावला.

आज झोपलेल्या ओजसला घरी ठेवून ती विहिरीवर गेली, तर त्याचं रडणं सड्यावरून ऐकू आलं. ती धावली. कॅमेराच ओजसच्या त्या दिवशीच्या आवाजात रडत होता!

“बाजूला व्हा, वहिनी!” बंदूक रोखलेला दीर हसला. “आईसुद्धा फसली, मग बिबट्या का नाही फसणार?”

तिने कॅमेरा हिसडला. हलेना. त्याच्या पडद्यावर बिबट्या मघाशीच इथे हुंगून घराकडे वळताना दिसला.

पळता पळता तिने गावाच्या ग्रुपवर लिहिलं, “हे वाचणाऱ्यांनी आधी आमच्या घरी जा. ओजस पाळण्यात आहे का, तेवढं बघा.”